उत्क्रांतिविचारातील वादांची पुस्तके कशी वाचावीत

उत्क्रांतीवरील लोकप्रिय विज्ञानग्रंथांच्या वाचकाला एक अनुभव हमखास येतो. एक पुस्तक वाचून संपवले की त्यातील म्हणणे निर्विवाद वाटते. मग प्रतिपक्षाचे पुस्तक हाती येते आणि ते मिटेपर्यंत पहिल्या लेखकाची बाजू लंगडी वाटू लागते. शेवटी जे वाचले तेच खरे, अशी अवस्था होते. यात वाचकाचा दोष फारसा नाही, कारण हे लेखक आपल्या शास्त्रात जितके मुरलेले असतात तितकेच भाषेवर हुकूमत असलेले असतात. मला या पुस्तकांचे वेड कित्येक वर्षांपासून आहे, आणि त्या वर्षांत हळूहळू जी गोष्ट ध्यानात आली तिच्यावरच पुढील सर्व सूचना आधारलेल्या आहेत. यांतील बहुतेक वादांत एखादी प्रक्रिया निसर्गात घडते हे दोन्ही पक्षांना मान्य असते; भांडण असते ते ती किती वेळा घडते आणि एकूण चित्रात तिचा वाटा किती, यावर. हा ‘किती’ पुस्तकाच्या ओघात हरवतो, आणि तो शोधून काढता येईल अशा रीतीने वाचनाची आखणी करावी लागते.

वादात उतरण्याआधी, ज्यावर वाद नाही तो भाग पक्का करावा. सर्व सजीवांचे पूर्वज समान आहेत, बदलांना कोट्यवधी वर्षांचा काळ मिळाला आहे, आणि समुदायातील जनुकांचे प्रमाण उत्परिवर्तन, नैसर्गिक निवड, एका समुदायातून दुसऱ्यात होणारी जनुकांची ये-जा आणि जेनेटिक ड्रिफ्ट यांमुळे बदलते, एवढे तरी स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. ड्रिफ्ट म्हणजे निव्वळ योगायोगाने जनुकांच्या प्रमाणात होणारे चढउतार. समुदाय लहान असेल तर हे चढउतार मोठे असतात. हा भाग वाचक घाईने ओलांडतात आणि पुढे निम्मे वाद त्यांना कळत नाहीत, म्हणून तो दोनदा वाचावा असे मी आग्रहाने सांगेन. या पायासाठी जेरी कॉइन यांचे २००९ सालचे ‘व्हाय इव्होल्यूशन इज ट्रू’ पुरेसे आहे. पाया पक्का असला म्हणजे दुसरी एक फसगतही टळते. उत्क्रांतीच्या यंत्रणेविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, म्हणजे उत्क्रांतीच शंकास्पद आहे, असा निष्कर्ष काढणारे लोक अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांची वाक्ये तोडून वापरत असत. तेच गूल्ड १९८१ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले होते.

यानंतर पुस्तके निवडताना लेखकाऐवजी वाद निवडावा. एकाच लेखकाची पाच पुस्तके ओळीने वाचली की त्याची शैली आपल्या अंगवळणी पडते आणि त्याचे प्रतिपक्षी आपल्याला फक्त त्याच्याच वर्णनातून भेटतात. त्याऐवजी एका प्रश्नावरची दोन विरोधी पुस्तके जोडीने घ्यावीत आणि त्यांच्यामध्ये तिसरे काहीही वाचू नये. दोहोंत काही महिन्यांचे अंतर पडले तर पहिल्याचा तपशील विरतो आणि केवळ त्याची छाप उरते. छापेची तपशिलाशी तुलना केली की तपशील जिंकतो, आणि शेवटच्या पुस्तकाचा विजय ठरलेलाच असतो.

पहिली जोडी म्हणून मी नेहमी बर्जेस शेलची सुचवतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील या खडकांत चार्ल्स वॉलकॉट यांना १९०९ साली सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या मऊ शरीराच्या प्राण्यांचे विलक्षण जीवाश्म सापडले. हॅरी व्हिटिंग्टन आणि त्यांचे विद्यार्थी सायमन कॉनवे मॉरिस व डेरेक ब्रिग्ज यांनी पुढे त्यांचा नव्याने अभ्यास केला, आणि त्या अभ्यासाची कथा गूल्ड यांनी १९८९ साली ‘वंडरफुल लाइफ’मध्ये सांगितली. त्या प्राण्यांपैकी अनेक आजच्या प्राण्यांच्या कोणत्याही संघात, म्हणजे मुख्य गटात, बसत नाहीत, कोणते वंश टिकले हे बव्हंशी नशिबावर ठरले, आणि जीवनाची फीत मागे गुंडाळून पुन्हा चालवली तर आपल्यासारखे कोणी निपजणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या कथेचे एक नायक असलेल्या कॉनवे मॉरिस यांनीच १९९८ साली ‘द क्रूसिबल ऑफ क्रिएशन’ लिहून हे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या मते, वेगवेगळ्या वंशांतील प्राणी त्याच त्या रचनांपर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचतात, त्यामुळे फीत पुन्हा चालवली तरी चित्र फार वेगळे दिसणार नाही. एकच खडक, तेच जीवाश्म आणि दोन निष्कर्ष, अशी ही जोडी नवख्या वाचकासाठी फार मोलाची आहे.

ही जोडी वाचताना हॅल्युसिजेनिया या एकाच प्राण्याचा माग शेवटपर्यंत काढावा. काही सेंटीमीटर लांबीच्या या प्राण्याचे वर्णन कॉनवे मॉरिस यांनी १९७७ साली केले, तेव्हा तो कडक काट्यांच्या जोड्यांवर उभा राहून चालतो आणि त्याच्या पाठीवर मऊ नळ्यांची रांग आहे असे दाखवले होते. गूल्ड यांच्या पुस्तकात तो तसाच उभा आहे, आणि आजच्या कशाशीही नाते नसलेल्या प्राण्यांचे ते ठळक उदाहरण आहे. १९९१ साली रॅम्स्कॉल्ड आणि होउ या संशोधकांनी चीनमधील जीवाश्मांच्या आधारे दाखवले की चित्र उलटे होते: काटे पाठीवर होते आणि मऊ नळ्या हेच पाय होते. प्राणी सुलटा होताच तो ऑनिकोफोरा या, आजही ओलसर जमिनीवर आढळणाऱ्या मखमली अंगाच्या प्राण्यांच्या गोतावळ्यातला दिसू लागला. पुढे २०१५ साली स्मिथ आणि कॅरन यांनी डोळे आणि दात शोधून काढले, तेव्हा आधी ज्या गोळ्याला डोके समजले जात होते तो शरीरातून बाहेर पडलेल्या द्रवाचा डाग ठरला आणि डोके दुसऱ्याच टोकाला निघाले. पहिली, उलटी मांडणी कॉनवे मॉरिस यांची होती आणि तिच्यावर उभारलेला निष्कर्ष गूल्ड यांचा होता, त्यामुळे या एका प्राण्यावरून कोणत्याच पक्षाला गुण देता येत नाहीत. मात्र एखाद्या मोठ्या निष्कर्षाचे किती वजन एकेका जीवाश्मावर टाकले आहे हे तपासायची सवय वाचकाला येथे लागते. मी हा प्राणी प्रथम वाचला तेव्हा त्याचे काट्यांवर चालणारे चित्र वहीत काढून ठेवले होते; आता त्याच पानावर खाली दुसरे आणि तिसरे चित्र आहे.

वहीचा विषय निघालाच आहे तर तिची रीत सांगतो. प्रत्येक वादासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर तीनच नोंदी कराव्यात: दोन्ही पक्षांना काय मान्य आहे, एक पक्ष ठामपणे मांडतो आणि दुसरा नाकारतो असे नेमके विधान कोणते, आणि कोणते निरीक्षण हाती आले तर कोणाला आपले मत बदलावे लागेल. दुसरी नोंद अशा शब्दांत लिहावी की ती दोन्ही लेखकांनी वाचली तर ‘होय, मी हेच म्हणतो’ असे दोघेही म्हणतील. हे वाटते त्यापेक्षा बरेच अवघड आहे. पहिल्या प्रयत्नात ते बहुधा जमत नाही. ज्या लेखकाचे आपल्याला पटलेले नसते त्याचे म्हणणे आपण नकळत भोळसट करून लिहितो.

खंडित समतोलाच्या वादावर ही रीत चालवून पाहू. नाइल्स एल्ड्रेज आणि गूल्ड यांनी १९७२ साली मांडले की जीवाश्मांत प्रजाती दीर्घकाळ जवळजवळ जशाच्या तशा राहतात आणि नवी प्रजाती अवतरते ती भूशास्त्रीय दृष्टीने एकदम. यावर अनेकांची पहिली प्रतिक्रिया अशी होती की हा डार्विनच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या बदलालाच दिलेला धक्का आहे. पण ‘एकदम’ या शब्दाचा अर्थ पाहावा. भूशास्त्रज्ञ ज्याला क्षण म्हणतो तो हजारो, कधी काही दशसहस्र वर्षांचा असतो. वर्षाला एक पिढी असणाऱ्या प्राण्याच्या ३०,००० वर्षांत ३०,००० पिढ्या होतात, आणि आनुवंशिकीच्या अभ्यासकाच्या लेखी तो सावकाश, पायरीपायरीने होणाऱ्या बदलासाठी भरपूर वेळ आहे. म्हणजे नवी प्रजाती हजारो पिढ्यांत घडते, हे पहिल्या नोंदीत जाते, कारण ते दोघांनाही मान्य आहे. दुसऱ्या नोंदीत उरते ते असे: प्रजातींचे दीर्घ स्थैर्य हाच नियम आहे काय, आणि निवड प्रजातींच्या पातळीवरही होते काय.

येथे वाचकाने पुस्तकातून जिवंत पक्ष्यांकडे वळावे. गालापागोसमधील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३पासून फिंच पक्ष्यांची मोजमापे घेतली; त्यांच्या कामाची कथा जोनाथन वायनर यांच्या १९९४ सालच्या ‘द बीक ऑफ द फिंच’मध्ये आहे. १९७७च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या, मोठ्या आणि कठीण बियाच उरल्या, आणि मध्यम भू-फिंचांपैकी पाचांत चाराहून अधिक पक्षी नाहीसे झाले. उरलेल्यांची आणि पुढील पिढीची चोच सरासरीने सुमारे अर्धा मिलिमीटर अधिक खोल भरली. १९८३च्या प्रचंड पावसानंतर बारीक बियांची रेलचेल झाली आणि निवड उलट दिशेने, लहान चोचींच्या बाजूने वळली. वर्षावर्षाला इतका बदल होत असूनही तो पुढे-मागे हेलकावत राहिला, तर लाखो वर्षांच्या जीवाश्मांत ते स्थैर्यच दिसेल. वेगवान निवड आणि दीर्घ स्थैर्य एकत्र नांदू शकतात, हे कळल्यावर वहीच्या दुसऱ्या नोंदीतील काही शब्द खोडून पुन्हा लिहावे लागतात.

तिसऱ्या नोंदीचे उत्तर येथे खरोखरच मिळाले आहे. जीन हंट यांनी २००७ साली अडीचशेहून अधिक जीवाश्ममालिका एकत्र करून तपासल्या. ठाम एका दिशेने बदल त्यांना सुमारे ५ टक्के मालिकांतच आढळला. बाकीच्या स्थैर्य आणि दिशाहीन भटकंती यांत जवळपास सारख्या वाटल्या गेल्या होत्या. स्थैर्य सर्रास आढळते हे म्हणणे टिकले, तेच सर्वत्र आहे हे म्हणणे टिकले नाही. ज्या वादावर इतकी तिखट पाने लिहिली गेली त्याचे उत्तर अखेर टक्केवारीत आले, याचा मला अजूनही मनापासून आनंद होतो.

काही वाद मात्र नोंदींनी सुटत नाहीत. त्यांच्यासाठी हातात पेन्सिल घ्यावी लागते. परोपकारी वर्तनाचा प्रश्न त्यांतला आहे. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली दाखवले की दुसऱ्याला होणारा लाभ आणि त्याच्याशी असलेले जनुकीय नाते यांचा गुणाकार स्वतःच्या तोट्यापेक्षा जास्त असेल, तर परोपकाराचे जनुक पसरू शकते. यापुढे पुस्तकांत बहुधा मुंग्या येतात. मुंग्यांत नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्याच्याकडे जनुकांचा एकच संच असतो आणि तो संपूर्ण संच प्रत्येक मुलीला जातो. बहिणींचा पित्याकडून आलेला अर्धा भाग त्यामुळे अगदी सारखा असतो आणि मातेकडून आलेल्या अर्ध्यापैकी सरासरी निम्मा सारखा असतो. १/२ आणि १/४ मिळून नाते ३/४ भरते. स्वतःच्या अपत्याशी असलेले नाते केवळ १/२, म्हणून कामकरी मुंगी स्वतःची प्रजा सोडून बहिणी वाढवते, असे पुस्तक सांगते आणि वाचक मान डोलावतो. येथे थांबून भावाचे नाते काढावे. भावाकडे पित्याचे काहीच नसते, त्यामुळे बहिणीचे त्याच्याशी नाते १/४ उरते. राणी मुली आणि मुलगे सारख्याच प्रमाणात वाढवत असेल तर भावंडांशी सरासरी नाते ३/४ आणि १/४ यांच्या मध्यावर, म्हणजे पुन्हा १/२वर येते, आणि तो सारा नफा नाहीसा होतो! स्पष्टीकरण टिकवायचे तर वसाहतीत बहिणींच्या बाजूने कल असावा लागतो; शिवाय वाळवीच्या नराकडे जनुकांचे दोन्ही संच असूनही तिच्यात कामकरी असतातच. आप्तनिवडीची, म्हणजे नातलगांना मदत करणारे जनुक निवडीने पसरते ही हॅमिल्टन यांची कल्पना याने कोसळत नाही, पण ३/४ हा आकडा एकट्याने काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे पाच मिनिटांच्या आकडेमोडीने स्वतःला कळते. असा एक हिशोब स्वतः केला की त्या विषयावरची पुढची सर्व पुस्तके वेगळ्या सावधपणाने वाचली जातात.

त्याच प्रश्नाचा पुढचा अंक २०१०चा आहे. मार्टिन नोवाक, कोरिना टार्निटा आणि एडवर्ड विल्सन यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहून, समाजशील कीटकांच्या उत्क्रांतीच्या स्पष्टीकरणात आप्तनिवडीचे गणित फारसे उपयोगाचे नाही असे म्हटले. पुढच्या वर्षी त्याच नियतकालिकात आलेल्या एका प्रत्युत्तरावर १३७ शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. हॅमिल्टनच्या कल्पनेचा सुरुवातीच्या काळात हिरिरीने पुरस्कार करणाऱ्यांत विल्सनच होते, हे ध्यानात घेतले तर या प्रसंगाचे गांभीर्य कळते. सह्यांच्या संख्येवरून जाणकारांचा कल समजतो आणि ती माहिती वाचकाने टाकून देऊ नये. परंतु ती तिसऱ्या नोंदीत लिहिता येत नाही, कारण ते निरीक्षण नव्हे.

शब्दांकडेही असेच लक्ष ठेवावे. रिचर्ड डॉकिन्स यांच्या १९७६च्या ‘द सेल्फिश जीन’मधील ‘स्वार्थी’ हा शब्द जनुकाच्या हेतूविषयी काहीच सांगत नाही. निवडीचा हिशोब जनुकाच्या खात्यावर मांडावा एवढेच तो सुचवतो, आणि त्या हिशोबातून प्राण्याचा परोपकारही निष्पन्न होतो. ‘अमर जनुक’ हे नाव अधिक चांगले ठरले असते, असे लेखकाने २००६च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतःच म्हटले आहे. म्हणून पुस्तकात वारंवार येणाऱ्या रूपकाखाली रेघ ओढावी आणि ते वाक्य रूपकाविना पुन्हा लिहून पाहावे. अर्थ शाबूत राहिला तर पुढे जावे, हातात काहीच उरले नाही तर तेथे खूण करून ठेवावी. ‘कार्य’ हा शब्द तर याहून फसवा आहे. २०१२ साली एन्कोड प्रकल्पाने मानवी जनुकसंचाच्या ८० टक्के भागाला जीवरासायनिक कार्य असल्याचे जाहीर केले आणि त्यावर जोरदार टीका झाली. वादाचे मूळ बरेचसे असे होते की एखाद्या भागात रासायनिक हालचाल नोंदली जाणे आणि तो भाग निवडीने टिकवून ठेवलेला असणे, या दोन्हींना एकच शब्द वापरला गेला होता.

आवृत्ती आणि साल पाहिल्याशिवाय कोणतेही पुस्तक सुरू करू नये. ‘द सेल्फिश जीन’च्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन नवी प्रकरणे आणि विस्तृत टिपा आहेत, आणि त्या टिपांत लेखक स्वतःच्या जुन्या विधानांना दुरुस्त करतो, १९७६ची जुनी प्रत वाचणारा वाचक या दुरुस्त्यांना मुकतो.

एखाद्या वादात मन रमले की मूळ शोधनिबंधही उघडावा. सुरुवात गूल्ड आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांच्या १९७९च्या निबंधाने करावी, कारण त्यात गणित नाही आणि तो कोणालाही वाचता येतो. व्हेनिसमधील सेंट मार्क्स चर्चच्या कमानींवर घुमट बसवताना जे त्रिकोणी कोपरे अटळपणे तयार होतात ते नंतर सुंदर चित्रांनी सजवले गेले. केवळ सजावट पाहून ते कोपरे चित्रांसाठीच बांधले असे म्हणणे चूक ठरेल, तसेच सजीवाच्या प्रत्येक वैशिष्ट्याला अनुकूलन, म्हणजे निवडीने एखाद्या उपयोगासाठी घडवलेले, मानणे चूक ठरेल, असा त्याचा युक्तिवाद आहे. निबंध वाचल्यावर लोकप्रिय पुस्तकांत त्याचा जो सारांश येतो त्याच्याशी मूळ ताडून पाहावे. निवड हीच बदलाची सर्वांत महत्त्वाची यंत्रणा आहे असे डार्विनप्रमाणेच गूल्ड आणि लेवॉन्टिनही मानतात, हे बऱ्याच सारांशांतून गळून पडते.

सर्वांत गाजलेला वाद हा सर्वांत महत्त्वाचा असतोच असे नाही. मोतो किमुरा यांनी १९६८ साली मांडले की रेणूंच्या पातळीवर टिकून राहणारे बहुसंख्य बदल निवडीच्या दृष्टीने ना हिताचे ना अहिताचे असतात आणि ड्रिफ्टनेच पसरतात. तोमोको ओहटा यांनी १९७३ साली त्यात ‘जवळजवळ तटस्थ’ बदलांची भर घातली. डीएनएच्या अभ्यासात निवडीची खूण शोधायची तर आधी तटस्थ बदल गृहीत धरून हिशोब मांडायचा, ही आजची रूढ पद्धत या वादातूनच आली आहे. या विषयावर रसाळ पुस्तके कमी आहेत, कारण त्यात विचित्र प्राणी नाहीत आणि तिखट भांडणेही फारशी नाहीत. पण ज्याने दोन-तीन जोड्या वाचल्या आहेत त्याने येथे यावेच. आरंभी ड्रिफ्टचा भाग दोनदा वाचायला सांगितला तो यासाठीच.

किम स्टेरेल्नी यांचे २००१ सालचे ‘डॉकिन्स व्हर्सेस गूल्ड’ यासारखे, पंचाच्या भूमिकेतून लिहिलेले छोटे पुस्तक पुष्कळजण प्रथम वाचायला सांगतात. माझे मत उलट आहे. पंचाचे पुस्तक आधी वाचले तर वहीतील तीन नोंदी त्याच्याच शब्दांत उतरतात. आधी स्वतःची पाने भरावीत आणि मग त्याच्या निवाड्याशी ती ताडून पाहावीत. जेथे फरक पडेल तेथे दोन्ही मूळ पुस्तकांकडे परत जावे.

फीत पुन्हा चालवण्याचा प्रश्न नुसता कल्पनेत राहिलेला नाही, म्हणून बर्जेसच्या पानावर शेवटी एक जागा राखून ठेवावी. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८च्या फेब्रुवारीत ई. कोलाय जीवाणूंचे एकाच पूर्वजापासूनचे १२ समुदाय वेगवेगळ्या पात्रांत वाढवायला सुरुवात केली आणि ठरावीक पिढ्यांनंतर त्यांचे नमुने गोठवून ठेवले. बाराही समुदायांची वाढण्याची क्षमता साधारण सारख्याच रीतीने सुधारत गेली. ऑक्सिजन असताना सिट्रेट हे रसायन खाण्याची क्षमता मात्र एकाच समुदायात, सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर दिसली. हा शोध २००८ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्या समुदायाचे गोठवलेले जुने नमुने पुन्हा वाढवले, तेव्हा सुमारे २०,००० पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतून ती क्षमता पुन्हा निर्माण झाली, त्याआधीच्या नमुन्यांतून झाली नाही. आधी कधीतरी घडलेल्या बदलाने वाट तयार केली होती. यातील कोणते निरीक्षण गूल्ड यांच्या बाजूला टाकायचे आणि कोणते कॉनवे मॉरिस यांच्या, हे वहीत लिहावे, आणि मग ज्या दिवशी पहिले पुस्तक उघडले त्या दिवशीची दुसरी नोंद काढून ती नव्याने लिहावी.